हिजरत, हिजरी आणि ‘पलायन’

एका वाचकाने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘हिजरत म्हणजे मुहंमद पैगंबरांचे मक्केहून मदिनेस पलायन’ असे छापलेले आढळते, ते बरोबर मानावे का. ‘हिजरत’ आणि ‘हजरत’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत का. आणि हिजरी सन त्या प्रवासाच्या दिवसापासूनच मोजतात का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘फार अपुरे’ असे आहे आणि उरलेल्या दोन्हींचे ‘नाही’. मधला प्रश्न लवकर सुटणारा असल्याने आधी तो घेतो.

अरबीत ‘ह’ दोन आहेत, एक आपल्या ‘ह’सारखा हलका आणि दुसरा घशातून घासून येणारा. हजर, हजेरी, हुजूर, हजरत हे सारे शब्द घशातल्या ‘ह’चे असून त्यांतला मधला वर्ण अरबीत जड ‘द’च्या जवळचा आहे. फारसीत त्याचा उच्चार ‘झ’सारखा झाला आणि मराठीने तो ‘ज’ने लिहिला. या धातूचा अर्थ समोर असणे, उपस्थित असणे असा आहे. ‘हिजरत’चा धातू वेगळा आहे; त्यात हलका ‘ह’ आणि खरा ‘ज’ आहे आणि अर्थ आहे सोडून जाणे. म्हणजे देवनागरीत जुळ्या भावंडांसारखे दिसणारे हे शब्द अर्थाने नेमके परस्परविरुद्ध आहेत. लिपीने पुसलेला हा भेद मराठी कानाने मात्र थोडाफार जपला आहे, कारण ‘हजर’मध्ये आपण ‘जाड’मधला ज उच्चारतो आणि ‘हिजरत’मध्ये ‘जीव’मधला.

याच गोंधळाचा आणखी एक नमुना म्हणजे ‘महजर’. मराठेशाहीच्या कागदांत वतनाच्या तंट्याचा निवाडा गोताच्या आणि साक्षीदारांच्या समक्ष होऊन जो दस्तऐवज लिहिला जाई त्याला महजर म्हणत, आणि तो ‘हजर’च्या घराण्यातला शब्द आहे. अरबीत मात्र हलक्या ‘ह’चा दुसरा एक ‘महजर’ असून त्याचा अर्थ देशत्याग करून जेथे राहिलो तो मुलूख असा होतो. सीरिया-लेबनॉनमधून अमेरिकेत जाऊन वसलेल्या अरबी लेखकांना ‘महजरचे लेखक’ म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाने.

आता मूळ शब्दाकडे वळतो. ह-ज-र या धातूत प्रवासापेक्षा तोडण्याचा अर्थ मुख्य आहे. कुराणाच्या ७३व्या अध्यायात विरोधकांच्या बोलण्याकडे धीराने पाहून त्यांच्यापासून सभ्यपणे दूर व्हावे असे पैगंबरांना सांगितले आहे, तेथे हाच धातू आहे. २५व्या अध्यायात लोकांनी हे कुराण टाकून दिले अशी तक्रार आहे, तेथेही हाच. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन रात्रींहून अधिक काळ संबंध तोडू नये, अशा अर्थाचे एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे परंपरेने जपलेले पैगंबरांचे वचन, आहे. त्यातल्या क्रियापदाला मराठीत ‘अबोला धरणे’ याहून चपखल प्रतिशब्द मला सुचत नाही, आणि ते क्रियापद ‘हिजरत’च्याच धातूचे आहे. गझल ऐकणाऱ्यांना ‘हिज्र’ म्हणजे विरह हा शब्द ओळखीचा असतो. तोही याच घरातला.

हा अर्थ मनात ठेवून इ.स. ६२२ची घटना पाहिली म्हणजे ‘पलायन’ कोठे तोकडे पडते ते दिसते. मुहंमद पैगंबरांचा जन्म इ.स. ५७०च्या सुमारास मक्केत कुरैश टोळीच्या हाशिम कुळात झाला आणि ६१०च्या सुमारास त्यांना पहिला साक्षात्कार झाला. मक्केत सरकार नव्हते, पोलीस नव्हते आणि न्यायालयही नव्हते. माणसाचे रक्षण त्याचे कूळ करी, आणि कुळाने हात काढून घेतला तर त्याच्या जिवाला काही किंमत उरत नसे. नव्या धर्माचे अनुयायी याच कारणाने अडचणीत आले, आणि ६१५च्या सुमारास त्यांच्यातले काही जण तांबडा समुद्र ओलांडून हबशांच्या अक्सुम राज्यात (आजच्या इथिओपियात) गेले. तेथील ख्रिस्ती राजा नज्जाशी याने त्यांना आश्रय दिला. इस्लामी परंपरा या प्रस्थानालाही हिजरतच म्हणते, आणि ‘मदिनेस जाणे’ एवढीच व्याख्या पाठ करणाऱ्यांच्या नजरेतून ही पहिली हिजरत हमखास निसटते.

पुढे ६१९मध्ये पत्नी खदिजा आणि पाठीराखे चुलते अबू तालिब दोघेही निवर्तले आणि पैगंबरांचे मक्केतले छत्र गेले. उत्तरेकडील यस्रिब या खजुरीच्या बागांच्या वस्तीत औस आणि खजरज या टोळ्या आपसांतल्या रक्तपातांनी थकल्या होत्या व त्यांना तिऱ्हाईत, सर्वमान्य पंच हवा होता. यात्रेला आलेल्या यस्रिबकरांशी मक्केजवळ अकबा येथे ६२१ आणि ६२२मध्ये करार झाले. दुसऱ्या करारात परंपरेनुसार ७३ पुरुष आणि दोन स्त्रिया होत्या, आणि आपल्या बायकामुलांचे करतो तसे तुमचे रक्षण करू असे वचन त्यांनी दिले. त्यानंतर मक्केतले अनुयायी लहान लहान तुकड्यांनी यस्रिबला जात राहिले, आणि पैगंबर स्वतः अगदी शेवटी अबू बक्र यांच्यासह निघाले. त्यांच्या खुनाचा कट, सौर नावाच्या डोंगरातल्या गुहेत काढलेले तीन दिवस, आडवाटेचा प्रवास हे सारे परंपरेने सांगितलेले आहे, आणि एवढ्या भागापुरते कोणी ‘पलायन’ म्हणाले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. परंतु आधी करार करून, माणसे पुढे पाठवून आणि शेवटी आपण निघून नव्या ठिकाणी सत्ता व समाज उभारणे याला पलायन म्हणणे म्हणजे रात्रीच्या वाटेवरून सगळ्या मोहिमेचे नाव ठेवण्यासारखे आहे. इंग्रजी इतिहासग्रंथांतला ‘फ्लाइट’ हा शब्द आपण जसाच्या तसा उचलला एवढाच त्याचा इतिहास असावा, असे माझे मत आहे.

त्या समाजात खरे धाडस होते ते कुळाशी नाते तोडण्याचे. मक्का सोडणाऱ्याने घरदार तर सोडलेच, पण ज्या कुळावर त्याचा जीव सुरक्षित होता ते कूळही सोडले आणि रक्ताच्या नात्याऐवजी श्रद्धेच्या नात्यावर भरवसा ठेवला. म्हणूनच यस्रिबला पोचल्यावर पैगंबरांनी मक्केकर आणि यस्रिबकर यांच्या भावांच्या जोड्या लावून दिल्या. मक्केहून आलेले ते मुहाजिर आणि त्यांना मदत करणारे ते अन्सार. मालेगाव-भिवंडीच्या विणकर वस्त्यांत सर्रास आढळणारे ‘अन्सारी’ हे आडनाव या शब्दावरून घेतलेले आहे. आणि यस्रिबला पुढे नुसतेच मदिना, म्हणजे ‘नगर’, म्हणू लागले.

६३०मध्ये मक्का पैगंबरांच्या हाती आली तेव्हा ‘विजयानंतर हिजरत नाही’ असे त्यांनी म्हटल्याचे हदीसमध्ये आहे. तरीही शब्द थांबला नाही, आणि इस्लामच्या आरंभीच्या प्रसाराविषयी तो पुढे जे सांगतो ते मला सर्वांत मोलाचे वाटते. पैगंबरांच्या निधनानंतर (६३२) अबू बक्र आणि त्यांच्या मागून उमर खलिफा झाले. उमर यांच्या दहा वर्षांत सीरिया, इराक आणि इजिप्त अरबांच्या ताब्यात आले, पण विजयी सैनिकांना जुन्या शहरांत विखरू न देता त्यांच्यासाठी बसरा, कूफा आणि इजिप्तमध्ये फुस्तात अशा छावण्या वसवण्यात आल्या. या छावण्यांना ‘हिजरतचे घर’ म्हणत. वाळवंटातला आपला तळ सोडून कायमचा तेथे राहायला येणारा अरब म्हणजे मुहाजिर. त्याचे नाव दिवाणात, म्हणजे वेतनाच्या नोंदवहीत, चढे आणि त्याला ठरलेला तनखा मिळे. (आपल्या ‘दिवाणी’ दाव्याचा उगम दूरवर याच वहीत आहे.) उलट, हिजरत करून पुन्हा वाळवंटातल्या भटक्या जीवनाकडे वळणे हे मोठे पाप मानले जाई. त्या पिढीत हिजरत म्हणजे भरती, वस्ती आणि निष्ठा यांचे एकत्रित नाव होते. या छावण्यांबाहेरच्या शेतकऱ्यांचे धर्मांतर ही त्यापुढच्या दोन-तीन शतकांची संथ प्रक्रिया आहे. राज्य आधी पसरले आणि धर्म मागून.

ही माणसे स्वतःला मुहाजिर म्हणवीत याचा पुरावा परक्यांच्या लेखनातही आहे. व्हिएन्नातील ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचा, एक तुकडा जपून ठेवलेला आहे. इजिप्तमधील अहनास गावाकडून अरब सरदार अब्दुल्ला बिन जाबिर याने सैन्यासाठी ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ही पोचपावती आहे. ती ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत लिहिलेली असून मेंढ्यांचा हिशेब ५० कापण्यासाठीच्या आणि १५ इतर असा मांडला आहे. ग्रीक कारकुनाने अरबांना ‘मागारिताय’ म्हटले आहे, आणि हे ‘मुहाजिर’चेच ग्रीक कानाला ऐकू आलेले रूप मानले जाते. अरबी मजकुराच्या शेवटी ‘जमादिलावल, सन बावीस’ असे आहे, म्हणजे इ.स. ६४३. येथे सनाला नाव नाही, नुसतेच ‘सन बावीस’. सौदी अरेबियात अल-उलाजवळच्या खडकावर जुहैर नावाच्या माणसाने ‘उमर वारला तेव्हा, सन चोवीसमध्ये’ असे कोरले आहे, तेथेही नाव नाही. गलिली समुद्राजवळच्या हम्मात गादेर येथील गरम पाण्याच्या स्नानगृहाची दुरुस्ती खलिफा मुआविया यांच्या काळात झाली. तेथील ग्रीक शिलालेख क्रुसाच्या चिन्हाने सुरू होतो आणि त्यात ‘अरबांप्रमाणे ४२वे वर्ष’ असे दिले आहे. सन वापरात होता, तो कोठून मोजायचा हेही ठरलेले होते. ‘हिजरी’ हे विशेषण मात्र या जुन्या लेखांत आढळत नाही.

हा सन उमर यांनी इ.स. ६३८च्या सुमारास सुरू केला. परंपरा असे सांगते की, खलिफांची पत्रे वर्षाविना येतात आणि नुसता ‘शाबान’ महिना लिहिला तर कोणत्या वर्षाचा शाबान ते समजत नाही, अशी तक्रार बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा यांनी केली. पैगंबरांचा जन्म, पहिला साक्षात्कार, हिजरत आणि निधन या पर्यायांवर विचार होऊन हिजरत निवडली गेली. मात्र महिन्यांचा क्रम पूर्वीपासून रूढ होता व तो न मोडता वर्षाचा आरंभ मोहरमपासूनच ठेवला. त्यामुळे सनाचा पहिला दिवस १६ जुलै ६२२ ठरतो, तर पैगंबर यस्रिबजवळच्या कुबा येथे पोचले ते परंपरेनुसार १२ रबिलावलला, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात. सनाचा आरंभ घटनेच्या दिवशी नसून दोन महिने आधी आहे, हे प्रश्नकर्त्याने टिपून ठेवावे.

मग मराठीत लिहावे काय? ‘स्थलांतर’ हा शब्द बदलीवर गेलेल्या कारकुनालाही चालतो, म्हणून तो फिका वाटतो. ‘परागंदा होणे’ जवळचे वाटते, परंतु त्यात दुष्काळाने किंवा जुलमाने विखुरलेली रयत दिसते, आणि त्या फारसी शब्दाचा मूळ अर्थही विखुरलेला असाच आहे. येथे तर लोक एकत्र आले. ‘देशत्याग’ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण त्यात सोडण्याची क्रिया आणि निर्धार दोन्ही आहेत. सर्वांत उत्तम म्हणजे ‘हिजरत’च ठेवावे. हा शब्द आपल्याकडे काही परका नाही. १९२०मध्ये सरहद्द प्रांत व सिंधमधून हजारो मुसलमान अफगाणिस्तानकडे निघाले त्या चळवळीचे नाव हिजरत होते, आणि १९३०मध्ये गुजरातेतील बार्डोली तालुका व खेडा जिल्हा येथील शेतकरी सारा न भरता घरे सोडून शेजारच्या बडोदे संस्थानात गेले तेव्हा त्यांच्या त्या कृतीलाही हिजरतच म्हटले गेले. गुजराती पाटीदारांसाठी जो शब्द चालला तो मूळ घटनेसाठी न चालण्याचे कारण दिसत नाही.

हिजरी वर्ष काढताना आपल्याकडे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली अशी की ६२२ मिळवले म्हणजे काम झाले, असे लोक समजतात. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते आणि आपल्याप्रमाणे त्यात अधिक मास धरत नाहीत, कारण कुराणाच्या ९व्या अध्यायाने ती प्रथा बंद केली. त्यामुळे १०० हिजरी वर्षे म्हणजे सुमारे ९७ सौर वर्षे होतात व हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून मग ६२२ मिळवावे लागतात. दुसरी फसगत मोडी कागदांची. त्यांतील ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी शब्द पाहून अनेक जण तो हिजरी सन समजतात. शब्द अरबी आहेत हे खरे: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. परंतु हा सुहूर सन आहे. ‘शुहूर’ हे अरबी ‘शहर’ म्हणजे महिना याचे अनेकवचन. वर्ष सौर आणि सुरुवात सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शेतसारा पिकावर बसतो आणि चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, तेव्हा महसुलासाठी ही सोय लागलीच. गणिताने मागे गेले तर हे दोन्ही सन इ.स. १३४४, म्हणजे हिजरी ७४५ येथे एकत्र भेटतात. सुहूरमध्ये ५९९ मिळवले की जूनपासूनच्या महिन्यांचे इसवी वर्ष मिळते आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. ११६१ मध्ये ६०० मिळवा, पानिपतचा जानेवारी १७६१ येतो. त्या दिवशी हिजरी ११७४ चालू होते. पुण्याच्या दप्तरातला ११६१ आणि फारसी बखरकाराचा ११७४ हे एकाच लढाईचे आकडे आहेत.