‘ताई, या गोळीची सवय तर लागणार नाही ना?’

जळगाव-धुळे भागात समुपदेशन करताना एक काळजी पुन्हा पुन्हा ऐकते. ‘थायरॉईडची गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. मग सुरूच कशाला करायची?’ विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, कारण थायरॉईडचं दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतं. उत्तरादाखल एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अमळनेर तालुक्यातल्या या बाई, वय चाळिशीच्या आतलं. नवरा घेऊन आला. ‘मॅडम, हिला डिप्रेशन आहे. दिवसभर पडून असते.’ बाई मान खाली घालून बसलेल्या. मे महिना, पारा ४४ च्या पुढे, आणि त्या हळूच म्हणाल्या, ‘ताई, पंखा बंद करता का? थंडी वाजते.’

खान्देशच्या मे महिन्यात थंडी! मी एकेक विचारत गेले. बद्धकोष्ठ, केस गळणं, कोरडी कातडी, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव. त्या हो म्हणत गेल्या. उदास वाटतं म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ‘टीएसएच तपासलंय का?’ असं विचारते. टीएसएच म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक (हार्मोन). ही शिस्त मी कधी मोडली नाही, आणि तिने अनेकांचा आडवळणाचा प्रवास वाचवला आहे. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतं, त्यांचं ३८ निघालं. डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, सुरू केली. काही महिन्यांत बाई कामाला लागल्या, हसू लागल्या.

दिवाळीनंतर पुन्हा आल्या त्या तशाच सुजलेल्या चेहऱ्याने. गोळी बंद केली होती.

‘का थांबवली?’
‘बरं वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या तरुणपणी गोळ्यांवर जगशील का?’
‘आणि तुम्हाला काय वाटलं?’

बराच वेळ गेला. मीही घाई केली नाही.

‘रोज सकाळी गोळी हातात घेतली की वाटायचं, मी कायमची बिघडले. नाही घेतली, तर मी धडधाकट.’
‘मग नाही घेतली तेव्हा काय झालं?’
‘पुन्हा उठवेना. घरचे पुन्हा आळशी म्हणायला लागले.’ त्यांचा बांध फुटला आणि बोली ओठांवर आली, ‘ताई, मी आयशी नही शे!’

प्रश्न गोळीचा नव्हताच. घटनेपेक्षा आपण तिचा लावलेला अर्थ माणसाला अधिक छळतो, असं मी मानते. ‘गोळी कायमची, म्हणजे मी कायमची मोडकी’ हे वाक्य त्या रोज स्वतःला ऐकवत होत्या. ते तसंच ठेवून ‘गोळी घ्याच’ असं बजावलं असतं, तर पुढच्या दिवाळीला पुन्हा हेच झालं असतं.

‘गोळीत काय असतं ठाऊक आहे?’ मी विचारलं.
‘औषध.’
‘तुमच्या गळ्यातली ग्रंथी टी-फोर नावाचं जे संप्रेरक बनवते, तेच. बाहेरचं काही नाही.’

मग त्यांना १८९१ सालची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे या डॉक्टरने थायरॉईड निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क द्यायला सुरुवात केली. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे विहीर आटली म्हणून टँकर. टँकरची सवय लागली असं कोणी म्हणतं का?’ माझ्या कुठल्याही समजावणीपेक्षा हे नेमकं होतं. आज मी ते बिनदिक्कत इतरांना सांगते.

पण ही विहीर आटते कशामुळे? बहुधा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. त्याला हाशिमोटो म्हणतात. अशांना गोळी सहसा कायम लागते. पण सगळ्यांना नाही. बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथी पुष्कळदा वर्षभरात सावरते, आणि टीएसएच किंचितच वाढलेलं असेल तर डॉक्टर कित्येकदा नुसतं लक्ष ठेवतात. म्हणून ‘कायम का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारणासकट.

गोळी थांबवल्यावर आठवडा-दोन आठवडे काहीच जाणवत नाही, कारण हे संप्रेरक शरीरात सावकाश उतरतं. त्यातूनच ‘बघा, गरजच नव्हती’ असा भ्रम होतो. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या ते एक तासाने. शेतावर जाण्याआधी चहा सुटत नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. ही गोळी आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी. वजन घटावं म्हणून मात्र डोस मनाने वाढवू नका, हृदयाची लय बिघडते आणि हाडं झिजतात.

उलट प्रकारही असतो. ग्रंथी जास्त चालली की छाती धडधडते, हात थरथरतात, भूक असून वजन उतरतं. घरचे म्हणतात ‘टेन्शन घेते’. तिथे कार्बिमाझोलसारखी वेगळी औषधं, कधी किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया लागते. शेजारणीची गोळी तिथे घातकच.

परवा त्याच बाई जावेला घेऊन आल्या. जावेला दिवस गेलेले, आणि बाळाला त्रास नको म्हणून तिने थायरॉईडची गोळी बंद केलेली. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर चालते. गरोदरपणी डोस बहुधा वाढवावा लागतो. मी तोंड उघडण्याआधी बाईच जावेला म्हणाल्या, ‘आजच डॉक्टरांकडे जाऊ,’ आणि दोघी तशाच निघाल्या.