पीएचडीचा फॉर्म भरू की नको?

गोव्यातल्या नर्सिंगमधल्या मुली-बायका माझ्याकडे करिअरविषयी बोलायला येतात, तेव्हा बहुतेकींची काळजी एकाच वळणाची असते. बीएस्सी झालं, नोकरी लागली, हिंमत करून एमएस्सीही केलं. संशोधन करावंसं वाटतं, पण ते डॉक्टरांचं, नाहीतर कॉलेजातल्या मॅडमचं काम ना? आणि पस्तिशी आली, आता उशीर नाही का झाला? याचं उत्तर एका सिस्टरच्या अनुभवातून देते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती डिचोली तालुक्यातली. सरकारी इस्पितळात मेडिसिन वॉर्डाची स्टाफ नर्स. घरी नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासू. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, पीएचडीच्या फॉर्मची मुदत जवळ आलीय. भरू की नको, तेवढंच सांगा."

"विषय कोणता घेणार?"

"तो गाईड देतील ना."

मग तिनं सगळ्या अडचणी सांगितल्या. इंग्रजी लिहायला जमत नाही. स्टॅटिस्टिक्स म्हटलं की पोटात गोळा येतो. वॉर्डात एक वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पेशंट बघ, पेपर कसले लिहितेस." बोलताना तिचे डोळे भरून आले. त्या बोलण्याचा तिच्यावर इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्सपेक्षा जास्त परिणाम झाला होता. आपण पेशंटला सोडून स्वतःचं बघतोय, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

मी तिला पुढच्या वेळी एमएस्सीचा प्रबंध घेऊन यायला सांगितलं. तिनं आणला. जाड पुठ्ठ्याची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आतली पानं अजून एकमेकांना चिकटलेली. व्हायवा (तोंडी परीक्षा) झाल्यावर कुणी तो उघडलाच नव्हता. विषय ओळखीच्या साच्यातला: विद्यार्थिनींना एका विषयाची माहिती द्यायची, आधी चाचणी, नंतर चाचणी, गुण वाढले की कार्यक्रम परिणामकारक. आपल्याकडच्या नर्सिंगच्या किती प्रबंधांचा हाच साचा असतो! शिकवल्यावर गुण वाढणारच. त्या शिकवण्यानं खाटेवरच्या माणसाचं काय भलं झालं, हे मात्र कुणी मोजत नाही. इतक्या कष्टाळू मुलींची दोन वर्षं यात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रबंध बाजूला ठेवला आणि विचारलं, "ड्युटीवर असं काय आहे, जे रोज करताना मनाला पटत नाही?"

यावर ती विचार करायलाही थांबली नाही. "कॅन्युला!" म्हणजे सलाईन-औषधासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी. "तीन दिवस झाले की चांगली चालणारी असली तरी काढायची आणि दुसरीकडे घालायची. आमच्याकडे म्हातारी माणसं जास्त. शीर मिळत नाही. दोनदा, तीनदा टोचायचं. एक आजी हात पदराखाली लपवून ठेवायची." तिनं पर्समधून एक छोटी वही काढली. कुठल्या खाटेवर, कुठल्या हाताला, मनगटावर की कोपरापाशी, कितव्या दिवशी साइट (नळी घातलेली जागा) सुजली किंवा आयव्ही आउट झाली, म्हणजे नळी शिरेतून निसटली, हे सगळं तिनं निळ्या बॉलपेननं लिहून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या पाळीला ओव्हर (रुग्णांची माहिती) देताना विसरायला होतं म्हणून तिनं सुरुवात केली आणि पुढे ती सवय होऊन गेली.

मी तिला सांगितलं की हाच प्रश्न घेऊन ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये क्लेअर रिकर्ड या नर्सनं मोठा अभ्यास केला. तीन इस्पितळांतले ३,२८३ रुग्ण. अर्ध्यांची कॅन्युला ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी बदलली. उरलेल्यांची फक्त गरज पडली तेव्हा. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, सुमारे ७ टक्के. २०१२ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

"नर्सनं केला?" तिनं परत विचारलं.

हो, नर्सनंच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांच्या लक्षात आहे. पण क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे आकडे मांडणाऱ्या याच बाईंना १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं सदस्य करून घेतलं, त्या सोसायटीच्या पहिल्या महिला सदस्य म्हणून. मोजणं हा या पेशाचा भाग पहिल्यापासून आहे. आणि मोठं संशोधन गोव्यात होत नाही असंही नाही. मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेनं आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवर अभ्यास केला होता. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या मदतीनं रुग्ण सुधारतात हे त्यातून दिसलं. तो अभ्यासही २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला.

उत्साहाच्या भरात कुणीही चुकू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. परदेशातला निष्कर्ष वाचून वॉर्डाचा नियम एकटीनं बदलायचा नसतो. रुग्णाच्या हाताशी खेळ नको. पण इथे लागू होईल की नाही, हे इथल्याच माणसानं तपासावं लागतं. तिनंच मुद्दा काढला: "पावसात आमच्याकडे चिकटपट्टी टिकत नाही मॅडम. दमटपणानं कडा सुटतात, मग साइट ओली राहते." क्वीन्सलँडचं उत्तर आपल्या गोव्यातल्या बांबोळीला, मडगावला किंवा म्हापशाला तसंच्या तसं का लागू पडेल? हा प्रश्न तिचा होता, कुणी दिलेला नव्हता. फॉर्मवर विषयाच्या चौकटीत लिहायला आता तिच्याकडे काहीतरी होतं. तरी त्या वर्षी फॉर्म भरू नका, असं मी म्हटलं. वर्षभर आधी हा प्रश्न घेऊन काम करा.

काम म्हणजे काय, तर रोजच्या चार्टमध्ये एक रकाना वाढवायचा. साइटची सूज, लाली, दुखणं यावरून ० ते ५ गुण देणारा व्हीआयपी स्कोअर नर्सिंगमध्ये वापरात आहेच. वहीतल्या अंदाजाऐवजी तो लिहायचा. वॉर्ड इनचार्जना आधी विश्वासात घ्यायचं. माहिती गोळा करण्याआधी इस्पितळाच्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय ना हे बघणाऱ्या समितीकडे, जायचं. पुढे दोन पद्धतींची तुलना करायची ठरली, तर पहिला रुग्ण घेण्याआधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद करायची. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि तिथे पैसे पडत नाहीत. स्टॅटिस्टिक्सवाल्यांना भेटायचं तेही सुरुवातीलाच. आकडे हातात आल्यावर धावणाऱ्यांना ते फारशी मदत करू शकत नाहीत. पद्धतीची पायाभरणी हवी तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा ऑनलाइन कोर्स एनपीटीईएल या सरकारी शिक्षण-संकेतस्थळावर मोफत शिकता येतो. इंग्रजीचं मी एवढंच म्हणेन की शोधनिबंधाची भाषा साधी असते. पंधरा-वीस चांगले निबंध बारकाईनं वाचले की तिची वळणं हाताला लागतात.

एक इशारा मात्र कळकळीनं देते. 'आठवड्यात छापून देतो, फी भरा' असे मेल नर्सिंगच्या मुलींना भरपूर येतात. घाम गाळून जमवलेलं काम तिथे टाकू नका. एकदा तिथे छापलं की ते दुसरीकडे छापता येत नाही.

'पेशंट बघ' या टोमण्यावर आम्ही खूप बोललो, कारण खरी गाठ तिथेच होती. संशोधन एकटीचं ठेवलं तर ते वॉर्डात वेगळं पाडतं. म्हणून रात्रपाळीच्या दोन सिस्टरांना तिनं बरोबर घेतलं. त्या नुसता चार्ट भरणार नव्हत्या, विचारातही भाग घेणार होत्या आणि काम केलं तर निबंधावर त्यांचं नाव येणार होतं. हे तिनं त्यांना आधीच सांगितलं.

नवरा एका बैठकीला आला. "यानं पगार वाढेल का?" त्यानं विचारलं. घर चालवणाऱ्यानं हे विचारायलाच हवं. मी खरं ते सांगितलं: वॉर्डात राहिली तर लगेच काही वाढेल असं नाही. तिथली बढती मुख्यतः सेवाज्येष्ठतेवर चालते. शिकवण्याच्या बाजूला गेली तर पीएचडी मोजली जाते. संशोधनाचं करिअर म्हणजे फक्त नवा शोध लावणं, असंही नाही. अर्नेस्ट बॉयर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९९० मध्ये विद्वत्तेची चार अंगं मांडली: नवं शोधणं, विखुरलेलं जोडणं, प्रत्यक्ष वापरात आणणं आणि शिकवणं. तिसरं अंग तर वॉर्डातल्या नर्सइतकं कुणाच्याच हातात नसतं. घरात तिला आठवड्यातली एक दुपार ठरवून मिळाली. नाइट करून आल्यावरची दुपार नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे आठवडे आणि मुलांच्या परीक्षा सोडून. ही तडजोड सासूबाईंनी सुचवली.

वयाचं म्हणाल तर एमएस्सी नर्सिंगलाच आधी वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. या क्षेत्रात पस्तिशी म्हणजे आत्ता कुठे प्रश्न पिकायला लागण्याचं वय.

एथिक्स कमिटीनं तिचा प्रस्ताव एकदा परत पाठवला. संमतीपत्रक फक्त इंग्रजी आणि मराठीत होतं. कोंकणी बोलणाऱ्या आजीचं काय, आणि बांधकामावरच्या कन्नड मजुराचं काय, असं त्यांनी विचारलं. ती खचून फोनवर रडली. खरं तर कमिटीनं तिचंच काम पक्कं केलं होतं. तिनं कोंकणी, हिंदी आणि कन्नड पत्रकं तयार करून घेतली, वॉर्डातल्या रुग्णांना वाचून दाखवली, न समजलेली वाक्यं बदलली. मग परवानगी मिळाली. एका मोसमाचे चार्ट आता भरून झाले आहेत.

आता ती पुन्हा पीएचडीचं विचारते आहे आणि या वेळी बोलणं गाईडवर चाललं आहे. भारतीय परिचर्या परिषदेनं २००५-०६ पासून पीएचडीसाठी राष्ट्रीय कन्सोर्टियम (संस्थांचा एकत्रित कार्यक्रम) चालवलं, बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर. इतर विद्यापीठांचेही मार्ग आहेत. कुठेही गेलात तरी नाव पाहून गाईड ठरवू नका. त्यांच्याकडून पीएचडी झालेल्या दोघी-तिघींशी बोला. मसुदा किती दिवसांत वाचून परत मिळतो? विद्यार्थिनीबरोबर निबंध छापून आलेत का? पहिलं नाव कुणाचं होतं? आणि तुमचा प्रश्न पुढे ठेवल्यावर त्या तो ऐकून घेतात, की कपाटातून आपला तयार विषय काढतात, हे पहिल्याच भेटीत बघून घ्या.