कार्ड बदलण्याआधी

चि. ...... यास,
अनेक आशीर्वाद.

जामनगरला वलसुरात रुजू झालास, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. १९४२ मध्ये टॉर्पेडोचं शिक्षण देण्यासाठी सुरू झालेलं ते केंद्र आज नौदलाच्या वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसांचं माहेर आहे. वर्गातलं तिथे नीट शिकवतील. मला बोलायचंय ते रडार-रेडिओच्या सेटमधली कार्डं, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाट्या, बदलण्याच्या सवयीबद्दल.

सेट बिघडला की एक कार्ड उपसायचं, दुसरं बसवायचं, चाललं तर चाललं. बंदरात हे खपून जातं. समुद्रात जहाजावर असतील तेवढीच कार्डं. शिवाय दोष पॉवर सप्लायमध्ये असला तर नवं कार्डही जळून जातं.

माझ्या एका जहाजावर रडारचं चित्र पहाटे फिकं पडायचं, उन्हं चढली की सुधारायचं. मी दोन कार्डं बदलली. तिसऱ्या दिवशी ऑपरेटरला विचारलं, "नेमकं कधी होतं रे?" तो म्हणाला, "दव पडलं की." मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या उंच खांबावर, चढलो. कनेक्टरचं रबरी सील चिरलं होतं आणि आतली पिन कल्हई उडालेल्या पितळी भांड्यासारखी हिरवी कळकली होती. दोन चांगली कार्डं मी उगाच दुरुस्तीला धाडली, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून आधी ऑपरेटरला विचार. मग डोळ्यांनी बघ, वास घे. जळका रेझिस्टर मीटरच्या आधी नाकाला कळतो. मग सप्लायचे व्होल्टेज मोज. सिग्नल ज्या टप्प्यांतून जातो त्या साखळीत सोळा टप्पे असले तर पहिल्यापासून सुरुवात करू नकोस. आठव्याच्या पुढे सिग्नल ठीक आहे का बघ. असला तर दोष पलीकडे, नसला तर अलीकडे. असं अर्धं अर्धं करत गेलास की चार मोजमापांत टप्पा सापडतो.

मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे रडारच्या ट्रान्समीटरला उच्च दाबाची वीज देणाऱ्या भागात, हात घालताना मात्र घाई नाहीच. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज उरतो. तो चार्ज जमिनीत उतरवणारा अर्थिंग रॉड लाव आणि काम संपेपर्यंत लावलेलाच ठेव, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोडा चार्ज पुन्हा धरतो. मास्टवर चढताना ट्रान्समीटरची सेफ्टी की तुझ्याच खिशात हवी, म्हणजे खाली कुणी तो चालू करणार नाही, मग साहेब कितीही घाई करोत.

लॉगबुकात "कार्ड बदलले, सेट ठीक" एवढंच लिहू नकोस. लक्षण काय होतं, कुठे मोजलं, किती आलं, सगळं लिही. पुढच्या सेलिंगला तुझ्या जागी दुसराच पोरगा असेल, आणि रात्री दोन वाजता त्याच्यापाशी तेवढं एक पानच असेल.

तुझा,
काका