आदण उतरवायची वेळ

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. ‘मॅडम, क्लायंट म्हणाला, हे सगळं कशासाठी करायचं तेच कळत नाही. मी गप्प बसले. अस्तित्ववादी थेरपीत अशा वेळी कोणतं टेक्निक वापरतात?’ मोबाईलवर उत्तर लिहायला घेतलं, पण चार ओळींत अंगठा दुखायला लागला. म्हणून हे पत्र.

गप्प बसलीस ते बरं केलंस. पण एक प्रश्न राहिला. पुढच्या भेटीची वाट बघू नकोस, आजच फोन करून विचार: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ इतकं सरळ. विचारल्यामुळं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही, ती भीती काढून टाक. उत्तर ‘हो’ असेल तर तत्त्वज्ञान बाजूला ठेव. घरच्या माणसाला बोलाव, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव, टेली-मानसचा १४४१६ हा नंबर हातात दे. भूक गेलीय, पहाटे तीनला जाग येते, आंघोळसुद्धा नको वाटते, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला औषध लागू शकतं. थायरॉइडही तपासून घ्यायला सांग. एवढं झाल्यावरही ‘कशासाठी?’ हा प्रश्न उरला, तर या पत्रातलं पुढचं तुझ्या कामाचं.

माझ्या पहिल्या वर्षातली एक फजिती सांगते. माणूस ओळखू येऊ नये इतके तपशील बदललेत. करवीर तालुक्यातला एक गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ शिजवणारा, वय पन्नाशीच्या पुढं. मुलानं गाडीवर बसवून आणला होता. छातीत धडधड, झोप नाही. ईसीजी काढून झाला होता, त्यात काही नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी त्याचा कामातला जोडीदार बसल्या जागी गेला होता. हा रस आटवायच्या काहिलीवर आणि तो चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं सारत, असे तीस हंगाम दोघांनी काढलेले. ‘मातीला शे-दीडशे माणसं हुती,’ तो म्हणाला. ‘पर रक्षाविसर्जन करून घरात आलो आन् वाटलं, आता माझा नंबर.’

मी काय केलं? पोटानं श्वास घ्यायला शिकवला. विचारांचा तक्ता भरायला दिला. वर म्हणाले, ‘काका, तब्येत ठणठणीत आहे तुमची, असलं मनात आणू नका.’ तो मान डोलावून गेला आणि दुसऱ्या भेटीनंतर आलाच नाही. फाईलवर मी ‘सहकार्य नाही’ असं लिहून टाकलं. त्या दोन शब्दांची अजून लाज वाटते. श्वास शिकवणं चूक नव्हतं. सीबीटीही, म्हणजे चुकीचे विचार तपासून दुरुस्त करायची थेरपी, तू सोडू नकोस, तिचा उपयोग आहे. पण त्याचा विचार चुकीचा नव्हताच, तर दुरुस्त काय करणार होते मी? मरणार तर तो होताच. मीही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर तो पुन्हा आला. एकटा, केएमटीच्या बसनं. तोवर मी यालोम वाचला होता. आयर्विन यालोम, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ; अस्तित्ववादी थेरपीवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९८० सालचा. माणसाला आतून हलवणाऱ्या चार गोष्टी ते सांगतात: मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थहीनता. परीक्षेसाठी तू चारही पाठ केल्या असशील. समोर बसलेला माणूस मात्र त्या चार कप्प्यांत घालून आणत नाही. तो झोप येत नाही म्हणून येतो.

या वेळी मी त्याला आजाराचं काही विचारलं नाही, गुळाचं विचारलं. आदण, म्हणजे काहिलीतला उकळता पाक, उतरवायची वेळ झाली हे कसं कळतं? माणूस एकदम सरळ बसला. थेंबभर पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची, ताटलीवर आपटायची. आवाज टणक आला की उतरवायचं. हे सांगताना त्याची तीन बोटं माझ्या टेबलावर गोळी वळत होती. तळव्याला भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या, त्या मला तेव्हा पहिल्यांदा दिसल्या.

‘उतरवायचं हे कोण ठरवतं?’
‘मीच की.’
‘चुकलं तर?’
‘कच्चं उतरलं तर ढेप धरत न्हाई. जादा झालं तर करपतंय. मालक, हमाल समदी माझ्या तोंडाकडं बघत असत्यात.’

मग पुष्कळ इकडचं तिकडचं झालं. उसाचा दर, मुलाचं लग्न, गुडघे. त्यात मध्येच तो म्हणाला, ‘दुसऱ्याचीच आदणं उतरवली बघा समदी.’ आणि पुन्हा गुडघ्यांवर आला. मी ते वाक्य तेव्हा उचललं नाही, जपून ठेवलं. मरणाची भीती कुणाला जास्त छळते, याबद्दल यालोम यांचं निरीक्षण आहे: आपण जगायचं ते जगलोच नाही असं ज्याला वाटतं, त्याला. पाचव्या भेटीत उलगडलं. पंधरा वर्षांपूर्वी भागीत गुऱ्हाळ चालवायला मिळत होतं. भावानं नको म्हटलं, म्हणून राहिलं. घरात, गावात, सगळ्यांना हेच माहीत. त्या दिवशी तो खिडकीकडं बघत म्हणाला, ‘भाऊ म्हणाला, खरं हाय. पर भ्या मलाच वाटलं हुतं.’

स्वातंत्र्य म्हणतात ते हे. ऐकायला गोड शब्द, पण अंगावर घेतला की जड. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द यांनी १८४४ मध्ये चिंतेला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलं होतं. निवड आपली होती हे कळलं की ती भोवळ मागच्या तारखेनंही येते. आणि न जगलेल्या शक्यतेबद्दलचा अपराधभाव हा रोग नाही, याच्याशी अमेरिकन अस्तित्ववादी मानसशास्त्रज्ञ रोलो मे सहमत झाले असते. तो पुसायचा नसतो, ऐकायचा असतो. तू घाई करून ‘तेव्हा परिस्थितीच तशी होती’ असं म्हणालीस, की त्यानं मोठ्या मुश्किलीनं हातात घेतलेली गोष्ट तू काढून घेतलीस.

इथं एक सावधगिरी. पुस्तकातलं स्वातंत्र्य बऱ्याचदा एकट्या माणसाचं असतं. आपल्याकडं निवड करणाऱ्याच्या मागं आई, भाऊ, भावकी, सोसायटीचं कर्ज उभं असतं. बिन्स्वांगर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी माणसाच्या जगाचे तीन पदर सांगितले: निसर्ग आणि शरीराचं जग, इतरांबरोबरचं जग, स्वतःशी असलेलं जग. पुढं अस्तित्ववादी थेरपिस्ट एमी व्हॅन ड्युर्झेन यांनी श्रद्धेचं, मूल्यांचं चौथं धरलं. म्हणून कुणी ‘जोतिबाची मर्जी’ म्हणालं की लगेच पळवाट समजू नकोस. कधी ती पळवाट असते, कधी त्या माणसाच्या पायाखालची फरशी असते. विचारल्याशिवाय कळत नाही. ‘घर सोड, स्वतःसाठी जग’ हा सल्ला तर देऊच नकोस. तो द्यायला रील्स आहेत.

एकटेपणाबद्दल थोडक्यात. शे-दीडशे माणसं मातीला येऊनही जे उरलं, ते माणसं कमी पडल्यामुळं नव्हतं. आपलं मरण आणि आपली निवड दुसरा कुणी करू शकत नाही, तेवढं अंतर राहतंच. ते मंडळात नाव घालून किंवा भिशी लावून भरत नाही. मात्र आपल्यासारखाच दुसराही त्या अंतराशी उभा आहे हे दिसलं की हायसं वाटतं. म्हणून तू खुर्चीत तज्ज्ञ होऊन बसू नकोस. यालोम तर रुग्णाला आणि थेरपिस्टला एकाच वाटेवरचे सोबती म्हणतात.

आता फ्रँकल. व्हिक्टर फ्रँकल व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, १९४२ ते १९४५ नाझी छावण्यांत होते. आई, वडील, भाऊ, बायको, सगळे गेले. अर्थ तीन वाटांनी सापडतो म्हणाले: काही निर्माण करून, कुणावर प्रेम करून किंवा काही अनुभवून, आणि टाळता न येणाऱ्या दुःखापुढं आपण कसे उभे राहतो त्यातून. ‘टाळता न येणाऱ्या’ याच्याखाली दोन रेघा मार. नवरा मारतोय, मालक पगार देत नाहीय, तिथं अर्थ शोधायचा नाही, पोलिसांत नाहीतर वकिलाकडं जायचं. आणि फ्रँकलची काठी करू नकोस. ‘त्यांनी छावणीत अर्थ शोधला, तुम्हाला इथं काय धाड भरलीय’ असा सूर एका शिबिरात ऐकलाय मी, टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

टेक्निक हवंच असेल तर फ्रँकलचंच एक घे. झोप येत नाही म्हणून झोपेच्या मागं लागलेल्याला सांगायचं, आज जागं राहायचा प्रयत्न करा. गंमत म्हणजे पुष्कळांना लागते. संशोधनाचं म्हणशील तर २०१५ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात अर्थावर थेट काम करणाऱ्या पद्धतींचे परिणाम चांगले दिसले. बाकीच्या अस्तित्ववादी पद्धतींचा पुरावा तोकडा होता. यालोम स्वतः अस्तित्ववादी थेरपीला वेगळा पंथ मानत नाहीत. थेरपी कुठलीही करा, या चार गोष्टी ऐकू येणारा कान ठेवा, एवढंच मागतात.

गुळव्याचं पुढं काय झालं? गुऱ्हाळ काढलं नाही. वय राहिलं नव्हतं आणि पैसाही. मालकाला विचारून दर रविवारी स्वतःच्या उसाचं एक आदण घ्यायला लागला, बिनरसायनाचं. ते कधी उतरवायचं यावरून सुनेशी भांडायचा, म्हणून तिलाच शिकवायला लागला. झोप सुधारली, पुरती नाही. भीती गेली का, विचारलं मी. ‘येती की अधनंमधनं,’ म्हणाला. शेवटच्या भेटीला काकवीची बाटली घेऊन आला. क्लायंटकडून भेटवस्तू घ्यावी की नाही, यावर तुमच्या कोर्समध्ये एक अख्खा तास असेल. मी घेतली, आणि फाईलवर तशी नोंद केली. वरचे ते दोन शब्दही खोडले.

शनिवारी चारला ये. नोट्स आण, पण तुझ्या क्लायंटच्या वाक्यांच्या आण, तुझ्या निष्कर्षांच्या नकोत. आणि त्याला फोन केलास का, ते आज संध्याकाळपर्यंत कळव.

तुझी,
मॅडम