डोक्याला मार लागलेला पेशंट नागपूरला पाठवण्याआधी

ग्रामीण रुग्णालयात नवीन रुजू झाला आहेस, म्हणून सांगते. गाडीवरून पडलेला पेशंट आला की सीटी स्कॅन नाही म्हणून हातपाय गाळू नको. मेंदूला रक्त पोचतंय का, ते बघ. कवटी ताणत नाही. आत रक्त साकळलं, सूज आली की दाब वाढतो. सरासरी रक्तदाबातून हा दाब वजा करून जे उरतं, त्यावर मेंदू जगतो. ते 60 ते 70 मिमी पारा असावं.

आतला दाब आपल्याला मोजता येत नाही, बीपी येतं. तरुण माणसाचं वरचं बीपी 110 खाली जाऊ देऊ नको. पडलंच तर आधी पोट, छाती, मांडी तपास, रक्तस्राव बहुधा तिथेच सापडतो. सलाईन नॉर्मलच लाव, डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) नको.

हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग घाबरून भराभर दाबली जाते, हे मी फार पाहिलंय. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आणखी कमी होतं. मिनिटाला 10-12 वेळाच दाब. उशाकडची बाजू 30 अंश वर, मान सरळ, आणि कॉलर गळ्याला आवळलेली नको; शिरांतलं रक्त उतरायला हवं.

बीपी चढतंय, नाडी मंदावतेय, डोळ्याची एक बाहुली मोठी झाली, म्हणजे आतला दाब फार वाढलाय, तर मॅनिटॉल, म्हणजे तो दाब उतरवणारं औषध, शिरेतून दे. पण बीपी पडलेलं असताना नाही. थंडीत बाटलीत स्फटिक दिसले तर गरम पाण्यात ठेवून पूर्ण विरघळव, अंगाइतकं कोमट झाल्यावरच लाव. आणि बाहुली किती वाजता बदलली, ते रेफर चिठ्ठीवर लिही.