एमआरआयमध्ये ३२ चॅनेलच्या हेड कॉइलचा (डोक्याभोवती बसवलेल्या ३२ छोट्या अँटेनांचा) डेटा एकत्र केला तर मॅग्निट्यूड इमेज (सिग्नल किती मोठा) छान येते, पण फेज इमेजमध्ये (सिग्नलचा कोन) विचित्र रेघा आणि भोकं का दिसतात?

मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी ह्याच खड्ड्यात पडलो होतो, दोन आठवडे स्कॅनरला शिव्या घातल्या आणि चूक निघाली माझ्याच कोडमध्ये.

तुम्ही मॅग्निट्यूडसाठी बहुतेक सम ऑफ स्क्वेअर्स वापरताय, म्हणजे प्रत्येक कॉइलच्या मॅग्निट्यूडचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, मग वर्गमूळ. १९९० च्या रोमर आणि सहकाऱ्यांच्या फेज्ड अ‍ॅरेवरच्या (अनेक कॉइल एकत्र वापरण्यावरच्या) पेपरपासून हीच पद्धत चालत आलीय कारण कॉइलची सेन्सिटिव्हिटी माहीत नसली तरी काम भागतं, ज्या कॉइलला तिथं जास्त ऐकू येतं तिचं वजन आपोआप जास्त धरलं जातं. पण वर्ग केला की फेज गेली. मग माणूस काय करतो, कॉम्प्लेक्स आकडे सरळ बेरजेला टाकतो नाहीतर फेजची सरासरी काढतो, आणि तिथंच फसतो.

कारण प्रत्येक कॉइल डोक्याभोवती वेगळ्या जागी बसलेली, त्यामुळे तिची स्वतःची एक फेज असते, ती जागेप्रमाणे बदलते पण टीई (एको टाइम, म्हणजे सिग्नल किती वेळाने वाचायचा तो) कितीही ठेवा तेवढीच राहते. समोरासमोरच्या दोन कॉइल एखाद्या व्हॉक्सेलमध्ये (इमेजच्या छोट्या ठोकळ्यात) उलट फेजच्या निघाल्या की बेरीज शून्य, तीच तुमची भोकं. सरासरीचं तर विचारूच नका, १७९ आणि उणे १७९ अंशांची सरासरी ० येते, खरं उत्तर १८०. टिश्यूच्या मधेच तुटणारी रेघ दिसली तर ते शरीरातलं काही नाही, बेरीज चुकलीय.

म्हणून आधी कॉइलची स्वतःची फेज वजा करायची, मग बेरीज. बॉडी कॉइलचा (स्कॅनरमध्येच बसवलेल्या मोठ्या कॉइलचा) स्कॅन असेल तर तो रेफरन्स म्हणून घ्या, पण ७ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) स्कॅनरला बॉडी कॉइल सहसा नसतेच. मला सगळ्यात सोपं वाटतं ते दोन एकोवालं, म्हणजे दोन वेगळ्या टीईला वाचलेला सिग्नल: दुसऱ्या एकोला पहिल्याच्या कॉन्जुगेटने (फेजचं चिन्ह उलटं केलेल्या आकड्याने) गुणा, कॉइलप्रमाणे, आणि मग सगळ्या कॉइलची बेरीज करा. कॉइलची फेज दोन्हीत सारखीच म्हणून कटते, उरतो फक्त दोन एकोंमधला फरक, म्हणजे तुमचा फील्ड मॅप (चुंबकीय क्षेत्र जागोजागी किती बदलतं त्याचा नकाशा). प्रत्येक एकोची वेगळी फेज हवी असेल तर दुसरा टीई पहिल्याच्या बरोब्बर दुप्पट ठेवा, मग पहिल्याची दुप्पट फेज वजा दुसऱ्याची फेज म्हणजे कॉइलची फेज, अनरॅपिंगची (१८० वरून उणे १८० ला मारलेल्या उड्या सरळ करायची) कटकटच नाही (कॉइल जोडायची अ‍ॅस्पायर नावाची पद्धत ह्याच्यावरच उभी आहे). फक्त ती आधी थोडी स्मूद करून घ्या, नाहीतर नॉइज आत शिरतो.

आणि हो, बेरजेच्या आधी नॉइज प्रीव्हाइटनिंग करा हो, म्हणजे सगळ्या कॉइलचा नॉइज सारखा आणि एकमेकांपासून सुटा करून घ्या, आरएफ (रेडिओ पल्स) बंद ठेवून घेतलेला छोटा नॉइज स्कॅन पुरतो. शेजारच्या कॉइलचा नॉइज एकमेकांशी जुळलेला असतो आणि एखादी कॉइल जास्त खरखर करणारी निघाली तर सम ऑफ स्क्वेअर्स तिलाही इतरांसारखाच मान देतो. डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारा स्कॅन) करत असाल तर अजून एक, नॉइजचा सिग्मा (पसारा, स्टँडर्ड डेव्हिएशन) १ धरला तर ३२ कॉइलच्या सम ऑफ स्क्वेअर्समध्ये रिकाम्या हवेतही साधारण ८ आकडा येतो, एका कॉइलला तो सव्वाच्या आसपास असतो. मोठ्या बी व्हॅल्यूला (डिफ्युजनचा परिणाम जास्त ठेवला की) सिग्नल त्या ८ च्या खाली जाऊच शकत नाही आणि तुमचा एडीसी (डिफ्युजनचा मोजलेला वेग) खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

दोन एको आहेत का तुमच्याकडे? असतील तर टीई किती आहेत ते सांगा.