१९२७ च्या मूकपटात झूम कसा काय? झूम लेन्स तर टीव्हीच्या काळात आली ना?

तुम्ही विचारलंय की ‘इट’ या नटी क्लारा बोच्या १९२७ सालच्या मूकपटात, अगदी सुरुवातीला दुकानाच्या पाटीवर जो शॉट आहे, तो झूम आहे (कॅमेरा जागेवरच, भिंग चित्र लहान-मोठं करतं) की ट्रॉली (कॅमेराच रुळांवरून पुढे-मागे सरकतो). तो झूमच आहे. इमारतीवर उंच लावलेल्या पाटीसमोर ट्रॉलीचे रूळ टाकणार कुठे? म्हणजे टीव्हीवर झूम दिसायला लागला त्याच्या वीस वर्षं आधी सिनेमावाल्यांच्या हातात तो होता. मात्र रोजच्या शूटिंगला वापरावा असा झूम व्हायला १९६० उजाडलं. मधली तीस-पस्तीस वर्षं लोक काय करत होते, हेच मला जास्त सांगावंसं वाटतं.

मी बरीच वर्षं कॅमेरा असिस्टंट होतो, सुरुवातीची सगळी फिल्मवर. फोकस सांभाळणाऱ्या माणसाला झूमचा इतिहास लगेच कळतो, कारण तो सगळा फोकसचाच इतिहास आहे. भिंगातल्या दोन काचांमधलं अंतर बदललं की चित्र लहान-मोठं होतं, ही गोष्ट जुनी. अमेरिकेत क्लाइल अ‍ॅलन यांना अशा रचनेचं पेटंट १९०२ मध्येच मिळालं होतं. पण अंतर बदललं की चित्र जिथे स्पष्ट उमटतं ती जागाही सरकते. फोटो काढणारा थांबून पुन्हा फोकस करेल. सिनेमात शॉट चालू असतो, प्रत्येक फ्रेम शार्प हवी. म्हणून काचांचा दुसरा गट त्याच वेळी हलवावा लागतो, आणि तोही सरळ हिशोबानं नाही. बऱ्याच रचनांत तो थोडा पुढे जातो, मग परत मागे येतो. ही चाल नळीवर वाकडी खाच कोरून साधतात, तिला कॅम म्हणतात. खाच केसभर चुकली तरी झूमच्या मधेच चित्र फोकसच्या बाहेर जातं.

इंग्लंडात लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीत आर्थर वॉर्मिशॅम यांनी हे यंत्रकाम ३५ मि.मी. रुंद फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी जमवलं. बेल अँड हॉवेल कंपनीनं ते १९३२ मध्ये कुक वॅरो म्हणून बाजारात आणलं, ४० ते १२० मि.मी. नाभीय अंतराचं (हा आकडा जेवढा मोठा तेवढं चित्र जवळ दिसतं). जर्मनीत बुश कंपनीनं साधारण त्याच सुमारास १६ मि.मी. फिल्मसाठी व्हेरिओ-ग्लाउकार काढलं. वॅरोत एक मोठी उणीव होती: फोकस लांबवर पक्का केलेला. जवळचं टिपायचं तर पुढे वेगळी काच लावायची. नट कॅमेऱ्याकडे चालत आला तर? काही करता येत नाही. माझ्या मते संवादाच्या दृश्यात झूम शिरला नाही तो याच कारणानं. हॉलिवूडचे दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या अनेक चित्रपटांचे छायालेखक जोसेफ वॉकर स्वतःच झूम भिंगं घडवत बसायचे. त्या कामासह एकूण तांत्रिक कामगिरीबद्दल त्यांना पुढे १९८२ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा पहिला गॉर्डन सॉयर पुरस्कार मिळाला.

दुसरी अडचण उजेडाची. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. झूममध्ये असे वीस पृष्ठभाग सहज होतात. गुणाकार करून बघा, निम्म्याहून जास्त उजेड वाटेतच जातो आणि त्यातला काही आत भटकून चित्र फिकं करतो. काचेवर पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करण्याची युक्ती झाइस या जर्मन भिंग कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढली. महायुद्धानंतर ती सगळीकडे पसरली आणि मग झूमचं खरं दार उघडलं.

त्यातून पहिले आले ते फ्रँक बॅक, मूळचे व्हिएन्नाचे. त्यांच्या झूमार या झूम भिंगात वाकडी खाचच नव्हती. हलणाऱ्या काचा एकमेकींना जोडलेल्या, सगळ्या एकदम सरकायच्या. १९४७ मध्ये बेसबॉलच्या प्रसारणात तो दिसला, आणि ‘झूम टीव्हीचा’ हा समज तिथूनच आला असावा. फ्रान्समध्ये रॉजर क्युव्हिलिए यांनी सोम बर्तिओ कंपनीसाठी पॅन-सिनॉर हा झूम केला, त्यात भिंगातूनच बघायची सोय दिली. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. बाजूच्या व्ह्यूफाइंडरमधून बघणाऱ्याला आपण किती झूम केलाय हेच कळत नसे.

आणि मग फ्रान्सचेच भिंगकार पिएर आंजेन्यू. १९५६ मध्ये १६ मि.मी. साठी चौपट, नंतर दहापट १२–१२०, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मि.मी. साठी २५–२५०. हा शेवटचा मी स्वतः हाताळलाय. कॅमेऱ्यावर नुसता टांगला तर माउंटवर, म्हणजे भिंग बसवायच्या कड्यावर, ताण येतो, खाली दांड्यांचा आधार लागतोच. २५० वर जाऊन डोळ्याच्या पापण्यांवर फोकस घ्यायचा आणि २५ वर परत यायचं. भिंग नीट असेल तर फोकसच्या रिंगला हात लावावा लागत नाही. एकदा भाड्यानं आणलेल्या भिंगात पापण्या काचेसारख्या स्वच्छ आणि वाइडला, म्हणजे २५ कडे, आलं की सगळं दुधाळ. माउंटखालची कागदाएवढी पातळ चकती, शिम, कमी पडत होती. टेलीला, म्हणजे २५० कडे, रिंग ती चूक पोटात घेते, वाइडला ती उघडी पडते. दिवसभराचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून भिंग हातात आलं की आधी वाइड तपासायचो.

आपल्याकडचा झूम बघायचा असेल तर सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४) बघा. चारू जवळून गेलेल्या नवऱ्याला दुर्बिणीतून बघते, दुर्बीण खाली घेते आणि झूम झटक्यात मागे येतो. खोली तीच, ती एकदम लांब.

आणि ट्रॉली की झूम हे पुढे स्वतः ओळखायचं तर पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांच्यावर नजर ठेवा. ट्रॉलीत खांबामागची खिडकी हळूहळू उघडी पडते किंवा झाकली जाते. झूममध्ये खांबानं जेवढी खिडकी झाकलीय तेवढीच झाकलेली राहते, दोन्ही बरोबरीनं मोठी होतात.